सातगावची हाक

मढ, १८ एप्रिल १९८२

दादूस,

खुशाली एका दमात सांगून टाकते, कारण मला तुझ्याशी भांडायचं आहे. इथे सगळे धडधाकट आहेत, बोंबील वलांडीवर सुकतायत, सासूबाईंचा गुडघा दुखतोय. झालं. आता सांग, त्या ग्रीनलंडचं तू कशाला लिहिलंस?

तुझं पत्र आलं तेव्हा हे जेवायला बसले होते. हे म्हणजे तुझा शाळेतला दोस्त तुळशीदास. माझा नवरा झाला तरी तुझ्या पत्रासाठी अजून शाळकरी पोरच. मी वाचत गेले. तुझं जहाज, तुझी थंडी, कोपनहेगनच्या बंदरातला तो महाग चहा. मग तू लिहिलंस की जहाजावरचा एक डॅनिश माणूस सांगत होता, ग्रीनलंड नावाचा बर्फाचा मुलूख आहे, तिथली माणसं आपल्यासारखीच मासळीवर जगतात. त्यांना युरोपातल्या देशांच्या संघात घातलं होतं. मग दुसऱ्या देशांचे ट्रॉलर त्यांच्या पाण्यात येऊन मासळी ओढून न्यायचे, आणि कुणी किती पकडायची ते ठरायचं लांब ब्रसेल्स नावाच्या शहरात. म्हणून त्यांनी फेब्रुवारीत मत घेतलं आणि बाहेर पडायचं ठरवलं. तू हे सगळं चार ओळींत लिहून खाली लगेच मोज्यांबद्दल लिहिलंस. पण ह्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "परत वाच." मी मोजे वाचायला लागले तर म्हणाले, "मोजे नाय गो, त्याच्या वरचा."

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र देवळापुढे वाचलं गेलं.

तुझ्या माघारी इथे काय काय झालं ते तुला धड ठाऊक नाही. तू बाबांशी भांडून जहाजावर गेलास, त्याच्या पुढच्या वर्षी खाडीच्या दोन्ही बाजूंच्या सात गावांनी मिळून मच्छीमारांचा संघ केला. बाबा त्यात पहिल्या दिवसापासून. बर्फ एकत्र, डिझेल एकत्र, मासळी विकायची तीही संघामार्फत. आणि हाक. एखादी होडी वेळेवर परतली नाही की त्या गावाने देवळाची घंटा वाजवायची, बाकीच्यांकडे माणूस धाडायचा, आणि सातही गावांनी हातातलं काम टाकून शोधायला निघायचं. होडी आमची नाही, असं म्हणायची सोय नाही. नियमच आहे तसा. गेल्या साली आमच्या शेजारच्या जानकीचा नवरा उलट्या होडीला धरून तरंगत होता, त्याला आणलं ते आमच्या गावाने नव्हे, खाडीपलीकडच्या माझ्या माहेरच्या, आपल्या गावाने. बाबांनीच त्याला केसाला धरून वर ओढला.

आता आमच्या गावात चाललंय की संघातून बाहेर पडायचं. आणि तोंडी लावायला तुझं ग्रीनलंड.

मला भीती वाटते रे. लवकर लिही, आणि या वेळी विचार करून लिही.

तुझी
कमल


६ जून १९८२

दादूस,

तुझं उत्तर नाही. जहाज कुठे आहे कोण जाणे. मी आपली लिहीत राहते.

धक्क्याजवळच्या भिंतीवर ह्यांनी चुन्याने लिहिलंय, "ग्रीनलंडचे कोळी बाहेर पडले. आपण कधी?" मी म्हटलं, अहो, तिथे कोळी नाहीत. तर म्हणे, मासे मारतो तो कोळी. अंधेरीच्या बाजारात मी टोपली घेऊन बसले की दुसऱ्या गावच्या बायका विचारतात, "काय गो, तुमचा ग्रीनलंड कवा होतंय?" आणि हसतात. मीही हसते. हसले नाही तर रडायला येईल.

खरं सांगू का, ह्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. संघाचा अध्यक्ष धोंडिराम आणि त्याच्या गावातले पैसेवाले आता ट्रॉलरवाले झाले. लांब जायचं सोडून किनाऱ्याला लागून ओढतात. आमची डोल जाळी खुंटांना बांधलेली, ती जागची हलत नाहीत. ट्रॉलर गेला की जाळ्याच्या चिंध्या. तक्रार केली तर संघात मत होडीमागे एक, आणि होड्या त्यांच्याकडे जास्त. बर्फाचा कारखाना त्यांच्या गावात. आमच्याकडे लादी येईपर्यंत तिचं अर्धं पाणी झालेलं. सासूबाई म्हणतात, "बर्फ वितळल्यावर आमाना देतान, न मासली कुजली का आमानाच बोल लावतान." आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधीच त्यांचे ट्रॉलर समुद्रात गेले. नारळ पडायच्या आधी. आपल्या आजोबांनी ऐकलं असतं तर जेवण सोडलं असतं. संघाने त्यावर ठराव केला की, ट्रॉलरला जुनी रीत लागू नाही.

हे म्हणतात, आपल्या पाण्याचं दुसऱ्याने ठरवायचं तर आपण कोळी कशाला, हमाल म्हणा. यात खोटं काय आहे सांग. मी रात्रंदिवस शोधतेय, सापडत नाही.

पण मी विचारलं, "हाकेचं काय?"

म्हणाले, "आमचं गाव काय मेलंय?"

गाव मेलेलं नाही. पण आमच्या होड्या किती, नि त्यातल्या इंजिनवाल्या किती ते मला माहीत आहे. वारा फिरला की सगळ्या एकदमच अडकतात. ज्याला शोधायचं आणि ज्याने शोधायचं, दोघंही एकाच तुफानात. म्हणून तर सात गावं लागतात ना? हे मी बोलले तर हे जाळं विणायला बाहेर निघून गेले.

आणखी एक. होडी माझ्या नावावर आहे हे तुला माहीत नसेल. सासऱ्यांच्या माघारी ती सासूबाईंकडे आली, आणि त्यांनी ती मुलाला न देता सुनेला दिली. कारण सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्याचे हातान होरी दिली तं हा ती कुनाला तरी उसनी देल." तेव्हा सगळे हसले होते. आता कळतंय की त्यामुळे संघातलं मतही माझं आहे. ह्यांनी एवढी भाषणं केली, पण हात मलाच वर करायचाय.

तू एवढंच कळव. ते ग्रीनलंडवाले बाहेर पडले, तर त्यांची होडी हरवल्यावर आता शोधायला कोण जातं?

कमल


२५ जुलै १९८२

दादूस,

झालं. आमचं गाव संघातून बाहेर पडलं.

काल दुपारी देवळात सभा होती. समुद्र बंद, पाऊस धो धो, त्यामुळे एकही माणूस घरी नव्हता. संघातर्फे बोलायला बाबा आले. धोंडिरामने मुद्दाम बाबांना पाठवलं असणार. खाडी भरलेली असताना तरीच्या नावेतून आले, भिजून चिंब, आणि माझ्याकडे न बघता सरळ पुढे जाऊन उभे राहिले. तुला सांगते, म्हातारे झालेत. आवाज मात्र तोच.

म्हणाले, "बर्फाचं बोला, आयकतंय. ट्रॉलरचं बोला, मी सोता भांडतंय. पन घरात भांडन जाला म्हनून कोन घर सोरून पावसात जाऊन बसतो काय?"

हे उठले. जावई असून पाया पडले, मग बोलले. "बाबा, घर आपलं असलं तर भांडन करावा. ह्या घरात आमी भाडेकरू. पाच वर्सं तुमी भांडताव, काय मिलाला? तुमचाच काय ऐकला?"

बाबा गप्प झाले. मला ते बघवलं नाही. कारण बाबा गप्प झाले ते हरले म्हणून नाही, तर हे खरं बोलले म्हणून. मग हळूच म्हणाले, "न हाक?"

मग मागून कुणीतरी ओरडलं, "ग्रीनलंडला कोन हाक देतंय?" आणि सगळे हसले, आणि त्या हसण्यात ते वाहून गेलं. नंतर हात वर झाले. फरक फार नव्हता.

माझा हात कुठे होता ते विचारू नकोस.

बाबा जाताना माझ्याजवळून गेले. मी छत्री पुढे केली. घेतली नाही. म्हणाले, "भिजलेल्याला छत्री कशाला?" आणि गेले. त्यांना राग आला असता तर बरं होतं. ते रागावले नव्हते, घाबरले होते. बाबांना घाबरलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

कमल


१५ ऑगस्ट १९८२

दादूस,

तुझं पत्र आलं. सभेच्या आधी आलं असतं तर!

म्हणजे ते ग्रीनलंड अजून बाहेर पडलेलंच नाही? नुसतं मत झालंय? तू लिहितोस, आता ते दोन-तीन वर्षं बोलणी करणार, आपलं पाणी आपल्या हातात ठेवून मासळी त्याच बाजारात विकायची सोय करणार, एकेक गोष्ट कागदावर आणणार, आणि मग कुठे निघणार. वाचता वाचता मला आधी हसू आलं, मग मी तीच ओळ पुन्हा वाचली. आम्ही एका दुपारी निघालो रे. चहा होईपर्यंत.

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "थंड मुलखातली माणसं ती. सगळं सावकाशच करायची." मी म्हटलं, निदान हाकेपुरतं तरी धोंडिरामशी बोला. बाकी सगळं वेगळं, पण माणूस हरवला तर एकमेकांसाठी निघायचं, एवढं लिहून घ्या. म्हणाले, "आता लगेच गेलो तर म्हणतील, बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी भीक मागायला आले. एक हंगाम जाऊ दे. मग ते आपणहून येतील." नवऱ्याचा मान आणि भरतीची वेळ, बायकोच्या सांगण्याने हलत नाहीत.

यंदा नारळी पौर्णिमेला आमच्या गावाने आपला नारळ वेगळा सोडला. आमच्या एकाही होडीने त्याच्या आधी पाण्याला पाय लावला नाही. ते बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बर्फ आता मालाडहून आणतो, लादी लादीसारखी येते. किनाऱ्याजवळ ट्रॉलर दिसला की आमची पोरं चार होड्या घेऊन आडवी जातात, त्यामुळे जाळी अजून शाबूत आहेत. गाव खूश आहे. लोक ह्यांना रस्त्यात थांबवून पाठीवर थाप मारतात.

मी रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाते. आमची होडी आली की खाडीच्या तोंडाकडे बघते, बाबांची घरी परतताना दिसते का ते. बाबांच्या होडीला अजून तेच जुनं पिवळं शीड आहे, लांबून ओळखू येतं. दोन्ही आल्या की मग चूल पेटवते. सासूबाई म्हणतात, "तुजी चूल समुद्रावं चालतंय काय गो?"

बाबांनी निरोप धाडला नाही. तू त्यांना एक ओळ लिही ना. मी नाही लिहू शकत.

कमल


१३ नोव्हेंबर १९८२

दादूस,

आधी हे वाच, मग पुढचं. हे जिवंत आहेत. घरी आहेत. खोकतायत, पण आहेत.

गुजरातकडे मोठं वादळ चाललंय असं रेडिओवर सांगत होते. आपल्याला नुसती शेपटी लागेल म्हणे. आमच्या होड्या गेल्या होत्या, जाळी काढून आणायला. ठेवली असती तर सगळी गेली असती. सकाळी वारा फिरला. एकेक परत यायला लागल्या, कुणाचं शीड फाटलेलं, कुणाचं सुकाणू गेलेलं. आमची आली नाही. दुपार झाली तरी नाही.

मी स्वतः देवळाची घंटा वाजवली. गाव धावत आलं. पण बघतात तर काय, जी माणसं निघायची तीच आताच मरता मरता किनाऱ्याला लागलेली. हात सोलवटलेले, इंजिनं पाण्याने भरलेली. दोन होड्या तरी निघाल्या, देव त्यांचं भलं करो. खाडीच्या तोंडावरच्या लाटांनी त्यांना परत ढकललं.

खाडीवरची तरीची नाव बंद होती. मी एका म्हाताऱ्याच्या पाया पडून त्याच्या छोट्या पगार होडीतून खाडी ओलांडली. कशी ते आठवत नाही. आपल्या घरी गेलेच नाही, सरळ संघाच्या कचेरीत गेले. धोंडिराम होता, सगळे नाखवे होते, बाबाही होते. मी म्हटलं, "हाक द्या."

धोंडिराम वाईट माणूस नाही. मी त्याला शिव्या देऊ शकले असते तर सोपं झालं असतं. तो उठून उभा राहिला, मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "बाय, हाक संघाची हाय. आज तुमचे साटी निंगालू तं उद्या सगली गावं भायेर जातील न हाक फुकट ठेवतील. मंग संघ कशाला? न ह्या वाऱ्यान मी कुनाचे पोराला पाठवू? त्याचे आयेला काय सांगू, का ज्याला आमी नको हाव त्याचे साटी तुजा पोर गेला?"

यात खोटं काय आहे, सांग. मी पुन्हा तिथेच येऊन उभी होते. सगळे खरं बोलत होते आणि माझा नवरा पाण्यात होता.

बाबा कोपऱ्यात बसले होते. आता उठले. माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तू हात वर केलास तवा मी समोरच होतू."

मी म्हटलं, "हो."

"मंग आता कशाला आलीस?"

मी म्हटलं, "मला भीती वाटते, बाबा." लहानपणी विहिरीजवळ म्हणायचे ना, तसंच म्हटलं गेलं.

बाबा कचेरीतून बाहेर पडले. धोंडिराम मागून म्हणाला, "नाखवा, संघाचा नियम हाय." बाबा वळलेसुद्धा नाहीत. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन खलाशी गेले, बोलावलं नव्हतं तरी. मी किनाऱ्यावर उभी राहून ते पिवळं शीड बघत राहिले. मग तेही दिसेना. आता दोघंही गेले, मी नवऱ्यासाठी बापही घालवला, असं वाटून मी वाळूत बसले. ती संध्याकाळ मी कशी काढली ते तुला लिहिणार नाही.

पहाटे मी आमच्या किनाऱ्याला परतले होते, तिथेच सकाळी बाबा आले. आमची होडी दोराने मागे बांधलेली, इंजिन बंद, डोलकाठी मोडलेली. हे आणि चौघं खलाशी होडीच्या तळाशी एकमेकांना चिकटून बसलेले. खडकाच्या आडोशाला नांगर टाकून थांबले होते, नांगराचा दोर शेवटच्या पेडावर होता. बाबांनी आमच्या किनाऱ्याला आणून सोडलं आणि उतरलेही नाहीत. पाण्यातूनच परत फिरले.

तू विचारशील, आता पुन्हा सभा झाली तर हात कुठे असेल? तिथेच असेल, बाहेर पडायच्या बाजूला. ट्रॉलरने फाडलेलं जाळं मी माझ्या हाताने शिवलंय. पण आता तो हात वर करण्याआधी मी विचारेन, हाकेचं काय?

कमल


२८ नोव्हेंबर १९८२

दादूस,

संघाने बाबांना काढून टाकलं.

सभा झाली, ठराव झाला. नियम मोडून बाहेरच्या गावासाठी होडी काढली. धोंडिरामचे डोळे भरून आले होते म्हणतात, पण सही केली. पाच-सहा वर्षांमागे ज्यांनी तो संघ उभा केला, त्यांनाच. आता बाबांच्या गावात बाबांची एकच होडी संघाबाहेर. तिला बर्फ नाही, डिझेल नाही. आणि हाक नाही.

काल ते स्वतः सांगायला आले. अंगणात उभे राहिले, आत येईनात. तुला माहीत आहे ना, लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही ही त्यांची जुनी रीत. सासूबाईंनी चहाचा कप पुढे केला तर म्हणाले, "नको विहिनबाय." आणि मग हसून ह्यांना म्हणाले, "काय जावयबापू, आता मीपन ग्रीनलंडवाला." हे हसले नाहीत. ह्यांनी बाबांचे पाय धरले. आमच्या गावाच्या नव्या सोसायटीत नाव लिहा, बर्फ आमचा, डिझेल आमचं, माणसं आमची, असं कितीतरी विनवलं.

बाबा म्हणाले, "लेकीचे गावाला नाव लिहू? पानी पीत नाय मी हितं, न जीव ठेवू?"

मी तेव्हा त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तुमची रीत घेऊन बसा, उद्या होडी उलटली तर रीत येणार आहे काय शोधायला? सासूबाई मला गप्प बस म्हणून खुणा करत होत्या. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुजे आयेसारकी ओरडतंस." आणि गेले.

त्यांच्या दोन खलाशांपैकी एकाला त्याच्या बायकोने जाऊ दिलं नाही. तिला दोष देत नाही मी. तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

कमल


१६ जानेवारी १९८३

दादूस,

परवा काय झालं ते सांगते, हसशील.

संध्याकाळी सगळ्या होड्या आल्या. आमची नवी डोलकाठी घालून आली. पिवळं शीड काही दिसेना. मी उभी राहिले, अंधारायला लागलं तरी दिसेना. ह्यांच्याकडे बघायला वळले तर हे तिथे नव्हतेच. होडी आधीच पाण्यात ढकलली होती. त्यांच्या मागे जानकीचा नवरा निघाला. त्याच्या मागे आणखी एक. घंटा नाही, ठराव नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. मी तिथे उभी राहून रडले आणि मनात म्हटलं, बघ, झाली की नाही हाक. नियमाशिवाय झाली.

बाबा त्यांना लांब, खडकापलीकडे सापडले. एकदम ठणठणीत. जाळ्यात मोठाले घोळ मासे लागले होते, ते सोडून यायला म्हाताऱ्याचं मन होईना, म्हणून उशीर. तीन होड्या आपल्यामागे आलेल्या बघून जे भडकले! "मेलू नाय मी अजून! कुनी बोलावला तुमाना? मासली पलवलीत सगली!" वाटेत संघाचा एक ट्रॉलर भेटला, त्यावरच्या पोरांना वाटलं हे भांडायला आलेत, तीही शिव्या देऊन गेली. परत येईपर्यंत आमची माणसं हसून हसून वाकली होती. अख्खं गाव हसलं. सासूबाई तर त्या रात्री दोनदा सांगायला लावून हसल्या.

मी हसले सगळ्यांबरोबर. घरी येऊन चूल पेटवली, आणि मग हात थांबले.

दादूस, परवा समुद्र शांत होता. चांदणं होतं. तीन होड्या गेल्या, कारण जाणं सोपं होतं. वारा फिरल्यावर किती जातील? मन झालं म्हणून निघालेला माणूस मन बदललं की थांबूही शकतो. नियमाला मन नसतं, म्हणून तो वादळातही उभा राहायचा. आणि तोच नियम बाबांना बाहेर टाकून मोकळा झाला. मग मी कशाच्या भरवशावर चूल पेटवू? हे मला कुणी सांगत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, आता आपण लिहून काढू सगळं. लिहितायत. धोंडिरामकडेही जाऊन आले म्हणे, मान बाजूला ठेवून. बघू काय होतं. बाबा कुठल्याच कागदावर सही करणार नाहीत, ते मला आजच माहीत आहे.

तुझ्या पत्रात तू विचारलंयस की मी परत येऊन बाबांच्या होडीवर उभा राहू का, त्यांना एक माणूस कमी पडतोय का. पडतोय. पण त्यासाठी येऊ नकोस. तू त्या होडीवर चढलास तर मला समुद्रात तिघंजण होतील. बाबा आणि तू पहिल्याच लाटेला भांडाल, तेही आलंच.

तरी पण ये. होडीवर नको, जाळ्याला नको, संघात नको. संध्याकाळी इथे किनाऱ्यावर ये. आई होती तेव्हा ती आणि मी दोघी उभ्या राहायचो. एकीचे डोळे दमले की दुसरी बघायची. गेली कित्येक वर्षं मी एकटीच बघते आहे, आणि मला पापणी मिटायची भीती वाटते.

कमल